राइल्स ट्यूब कोणी घालावी, हे लेखी सांगा: महाराष्ट्र परिचर्या परिषदेस सोलापुरातून खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, मा. प्रबंधक आणि सर्व सन्माननीय सदस्य,
महाराष्ट्र परिचर्या परिषद, मुंबई

सविनय नमस्कार.

मी सोलापुरात गेली 22 वर्षे परिचारिका म्हणून काम करते. जीएनएम, म्हणजे परिचर्येची पदविका, झाल्यावर आपल्याच परिषदेकडे माझी नोंदणी झाली आणि तिचे नूतनीकरण मी वेळच्या वेळी करत आले आहे. हे पत्र तक्रारअर्ज समजले जाऊ नये. ज्या संस्थेने मला या कामाचा परवाना दिला, तिलाच मी एक प्रश्न विचारते आहे. रुग्णाच्या नाकातून जठरात जाणारी नळी, जिला आम्ही सगळ्याजणी राइल्स ट्यूब किंवा नुसते आरटी म्हणतो, ती घालणे हे नोंदणीकृत परिचारिकेचे काम आहे का? असेल तर कोणत्या रुग्णात, कोणत्या प्रशिक्षणानंतर आणि कोणाच्या आदेशाने? आणि नळी योग्य जागी गेली आहे हे ठरवून पहिले फीड, म्हणजे नळीतून द्यायचे अन्न, सुरू करायला सांगणारी व्यक्ती कोण?

अभ्यासक्रम पाहिला तर उत्तर हो असे वाटते. ही नळी घालणे, तिच्यातून अन्न देणे आणि ती काढणे जीएनएमला आणि बीएस्सी नर्सिंगलाही शिकवतात. पुतळ्यावर सराव होतो, प्रात्यक्षिक परीक्षेत ट्रे मांडायला लावतात, लिग्नोकेन जेली विसरली तर गुण जातात. पण नोंदणी हातात पडून एखादी मुलगी वॉर्डात उभी राहिली, की तिला जे ऐकू येते ते दर रुग्णालयात वेगळे असते. कुठे सिस्टरनीच आरटी टाकायची, डॉक्टरांना त्यासाठी उठवायचे नाही. कुठे सिस्टरनी हातसुद्धा लावायचा नाही, इंटर्न येईपर्यंत थांबायचे. कुठे दिवसा एक नियम आणि रात्री दुसरा. आजवर मी चार ठिकाणी काम केले आणि चारही ठिकाणी हे नियम तोंडी होते. परिषदेचा म्हणून एखादा कागद भिंतीवर लावलेला किंवा इन्चार्ज सिस्टरच्या फाइलीत ठेवलेला मला एकदाही पाहायला मिळाला नाही.

आमच्याकडे ही नळी कोणाला लागते हे थोडे सांगते, कारण मुंबईतून सोलापूर दिसते त्यापेक्षा इथल्या वॉर्डाचा पसारा मोठा आहे. अर्धांगवायूचा झटका येऊन गिळता येत नाही असे रुग्ण सर्वांत जास्त. त्यानंतर हायवेवरच्या अपघातातले डोक्याला मार लागलेले. शेतातले औषध प्यायलेले. तंबाखू आणि मिश्रीमुळे तोंडाचा कर्करोग झालेले, ज्यांतले काही बार्शीला शस्त्रक्रिया करून घरी आलेले असतात आणि पुढे इथे दाखल होतात. कमी दिवसांची, दूध ओढता न येणारी बाळे. अक्कलकोट, मंगळवेढा, मोहोळकडून रुग्ण येतातच, शिवाय सीमेपलीकडच्या इंडी, अफझलपूर, आळंदकडूनही येतात. शहराच्या पूर्व भागातले विणकर आणि विडी कामगार कुटुंबांतले रुग्ण घरी तेलुगू बोलतात. नळी घशाशी पोचली की रुग्णाने त्याच क्षणी गिळावे लागते, म्हणून आमच्याकडची परिचारिका एका हाताने नळी सरकवत ‘गिळा, नुंगरी, मिंगंडी’ असे मराठी, कन्नड आणि तेलुगू अशा तिन्ही भाषांत सांगत असते. समोरचा माणूस कोणत्या शब्दाला मान हलवतो ते पाहून पुढचे दोन सेंटिमीटर जातात. हे कौशल्य पुतळ्यावर शिकवता येत नाही, ते वॉर्डात आणि जुन्या सिस्टरच्या शेजारी उभे राहूनच येते.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगते. मला तेव्हा नोकरीत जेमतेम दोन वर्षे झाली होती. एका खासगी रुग्णालयात रात्रपाळी होती. यंत्रमागावर आयुष्य काढलेले, सत्तरीचे एक आजोबा झटका येऊन दाखल झाले होते. रात्री साडेनऊच्या सुमारास फोनवर आदेश आला, ‘आरटी टाका आणि फीड सुरू करा.’ मी नाकाच्या शेंड्यापासून कानाच्या पाळीपर्यंत आणि तिथून छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत नळी मोजली, जेली लावली आणि उजव्या नाकपुडीतून घातली. आजोबा खोकले नाहीत, त्यांना ठसका लागला नाही, डोळ्यांत पाणी आले नाही. नळी इतकी सहज गेली की मला बरेच वाटले. मग शिकवल्याप्रमाणे सिरिंजने हवा सोडली आणि पोटावर स्टेथोस्कोप ठेवून ऐकले. गुडगुड आवाज आला. सोबतच्या सिस्टरनेही ऐकला. नळी चिकटपट्टीने बांधली आणि आधी थोडे पाणी द्यावे म्हणून सिरिंज उंच धरली. वीसएक मिलिलिटर गेले असेल तेवढ्यात त्यांच्या ओठांचा रंग बदलला आणि बोटावरच्या यंत्रातला ऑक्सिजनचा आकडा 96 वरून 84 वर आला. मी नळी लगेच चिमटीत बंद केली, डोके उंच केले, सक्शन लावले, ऑक्सिजन सुरू केला. नंतर काढलेल्या एक्स-रेत नळी उजव्या फुप्फुसाच्या शाखेत गेलेली स्पष्ट दिसली.

आजोबांना न्यूमोनिया झाला, पण ते बरे होऊन घरी गेले. ते बरे झाले नसते तर मी आज ही नोकरी करत असते असे मला वाटत नाही. दुसऱ्या दिवशी मला कार्यालयात बोलावून विचारले गेले की आरटी टाकायला तुम्हाला कोणी सांगितले. केसपेपरवर आदेश नव्हता, कारण तो फोनवर आला होता. माझ्याकडून लेखी खुलासा घेतला गेला. त्यात मी लिहिले की हवा सोडून आवाज ऐकला होता. तेव्हा मला, माझ्या सोबतच्या सिस्टरला आणि खुलासा वाचणाऱ्यांनाही ही तपासणी पुरेशी वाटत होती. खरी चूक तिथे होती आणि ती त्या खुलाशात कुठेच आली नाही.

हवेचा आवाज फसवतो. नळी फुप्फुसात किंवा अन्ननलिकेत अर्ध्यावर असली तरी आवाज पोटावर ऐकू येऊ शकतो. याच कारणाने ब्रिटनमधल्या रुग्णसुरक्षा यंत्रणेने 2005 मध्येच ही पद्धत वापरू नका असे कळवले. तिथला नियम असा आहे की नळीतून ओढलेल्या द्रवाचा सामू (पीएच) पट्टीवर 5.5 किंवा त्याहून कमी आला तरच फीड सुरू करायचे; तसा आला नाही किंवा द्रवच मिळाला नाही तर एक्स-रे काढायचा. साधा निळा लिटमस कागदही चालत नाही, कारण तो फक्त आम्ल आहे एवढेच सांगतो, किती आहे ते सांगत नाही. फुप्फुसात गेलेल्या नळीतून अन्न देणे ही घटना तिथे ‘कधीच घडता कामा नये’ अशा यादीत 2009 पासून आहे. आम्ही मात्र अजूनही अनेक ठिकाणी हवा सोडतो, कान लावतो आणि फीड देतो. नव्या मुलींनाही तेच शिकवतो.

धोका किती मोठा आहे याचा अंदाज यावा म्हणून सांगते. बारीक, आत तार असलेल्या सुमारे 10,000 नळ्यांच्या नोंदी एकत्र करून अमेरिकेत 2011 मध्ये एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात जवळजवळ 2 टक्के नळ्या श्वासमार्गात गेल्या होत्या आणि त्यांतून छातीत हवा भरण्याचे प्रकार आणि मृत्यूही झाले होते. आम्ही वापरतो ती जाड राइल्स ट्यूब वेगळी आहे, पण न बघता आत सरकवण्याची रीत एकच आहे. खोकल्याची प्रतिक्रिया हरवलेला माणूस आपल्याला इशारा देत नाही आणि नळी लागते ती नेमकी अशाच माणसांना.

यावरून कोणी म्हणेल की मग हे काम परिचारिकांकडून काढूनच घ्यावे. तो उपायही मी पाहिला आहे. नंतर मी काही वर्षे एका मोठ्या रुग्णालयात होते. तिथे अशीच एक दुर्घटना झाल्यावर तोंडी फर्मान निघाले की सिस्टरनी आरटी टाकायची नाही. एका रात्री आठ वाजता मधुमेह असलेल्या एका बाईंना फीडच्या आधीचे इन्सुलिन दिले गेले आणि फीड सुरू करणार तोच त्यांनी भ्रमात नळी ओढून काढली. इंटर्नला फोन केला तर ते अपघात विभागात, तिथे एका जीपचे सात जखमी आलेले. निवासी डॉक्टर शस्त्रक्रियागृहात. बाईंची मुलगी ओला रुमाल त्यांच्या ओठांवर फिरवत बसली होती आणि दर थोड्या वेळाने विचारत होती, ‘सिस्टर, चमचाभर पाणी तरी देऊ का?’ गिळताना श्वासात जाईल म्हणून मी तिन्ही वेळा नाही म्हटले. साडेदहाला साखर तपासली तर 48. शिरेतून ग्लुकोज देऊन ती सावरली, पण नळी पडली ती पहाटे सव्वातीनला. जी इंटर्न आली ती दमलेली होती. तिने आयुष्यात तोवर चार-पाच नळ्या घातल्या असतील. तिने मला हळूच विचारले, ‘सिस्टर, तुम्ही जरा शेजारी थांबाल का, कुठपर्यंत घालायची ते सांगाल का?’ मी शेजारी थांबले, सांगितले, नळी नीट गेली. माझ्या हाताला तिथे मनाई होती, पण माझ्या सांगण्याशिवाय ती नळी पडली नसती. केसपेपरवर सही तिची झाली. त्या सात तासांची नोंद कुठेही नाही.

या दोन्ही रात्री मी एकाच पत्रात लिहिते आहे, कारण दोन्ही एकाच पोकळीतून आल्या. पहिल्या रुग्णालयात काम माझे होते, पण अधिकार माझा नव्हता. दुसऱ्यात मला काम येत होते, पण ते करण्याची परवानगी नव्हती. आणि दोन्हीकडे ‘नळी पोटातच आहे हे कसे ठरवले’ हा एकमेव महत्त्वाचा प्रश्न कोणी विचारलाच नाही. कोणी घातली यावरच सगळी चर्चा अडली.

कायद्याची बाजूही आपण लक्षात घ्यावी अशी कळकळीची विनंती आहे. भारतीय न्याय संहिता 1 जुलै 2024 पासून लागू झाली. तिच्या कलम 106 (1) नुसार निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आहे. तोच मृत्यू नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाकडून वैद्यकीय प्रक्रिया करताना घडला तर शिक्षा दोन वर्षांपर्यंत आहे. नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिक कोण याची व्याख्या त्याच कलमात दिली आहे आणि ती राष्ट्रीय किंवा राज्य वैद्यकीय नोंदवहीत नाव असलेल्यांपुरती आहे. परिचारिकेचे नाव वैद्यकीय नोंदवहीत नसते, ते आपल्या नोंदवहीत असते. म्हणजे तीच नळी, तीच रात्र, तोच रुग्ण असला तरी डॉक्टरांच्या हाताला एक कमाल शिक्षा आणि त्यांच्या फोनवरून तेच काम करणाऱ्या हाताला दुसरी, अधिक मोठी. डॉक्टरांना मिळालेल्या सवलतीबद्दल माझी काही तक्रार नाही. माझे म्हणणे इतकेच आहे की ज्या कामाची जोखीम कायदा आमच्यावर अधिक टाकतो, ते काम आमच्या कक्षेत आहे की नाही हे सांगणारा कागद तरी आमच्या हातात असावा. न्यायालयात किंवा चौकशी समितीपुढे ‘आमच्याकडे तशी पद्धत आहे’ हे वाक्य टिकत नाही.

परिषदेने काय लिहावे याबद्दल मी माझे मत मांडते. तज्ज्ञ समितीने ते तपासावे, दुरुस्त करावे, हवे तर खोडावे.

पात्रता पदावरून ठरू नये, सिद्ध केलेल्या कौशल्यावरून ठरावी. पदवी किंवा पदविका असणे पुरेसे नाही, हे मी माझ्या अनुभवावरून सांगते. नोंदणीनंतर प्रत्येकीने अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली ठरावीक संख्येने नळ्या घातलेल्या असाव्यात, त्यांची नोंद तिच्या पुस्तिकेत असावी आणि ती पुस्तिका रुग्णालय बदलले तरी तिच्याबरोबर जावी. संख्या किती ते परिषदेने ठरवावे. माझ्या मते दहापेक्षा कमी असू नये, आणि त्यांतल्या काही तरी बेशुद्ध किंवा खोकला नसलेल्या रुग्णांत असाव्यात. हीच अट इंटर्न डॉक्टरांनाही लागू झाली तर रुग्णाचे भले होईल, पण तो आपल्या अखत्यारीतला विषय नाही.

कोणत्या रुग्णात परिचारिकेने नळी घालायचीच नाही, हे सर्वांत ठळक लिहावे. डोक्याला मार लागून कवटीच्या तळाशी फ्रॅक्चरची शंका असेल, नाकातून किंवा कानातून पाण्यासारखा द्रव येत असेल, डोळ्यांभोवती काळेनिळे पडले असेल, तर नाकातून घातलेली नळी कवटीत जाण्याचा धोका असतो. अॅसिड किंवा तत्सम दाहक पदार्थ प्यायलेला रुग्ण, अन्ननलिका अरुंद झालेला किंवा तिच्यात फुगलेल्या रक्तवाहिन्या असलेला रुग्ण, अन्ननलिकेची किंवा जठराची शस्त्रक्रिया नुकतीच झालेला रुग्ण, चेहऱ्याची हाडे मोडलेला रुग्ण, या सर्वांत निर्णय आणि हात दोन्ही डॉक्टरांचेच असावेत. इथे परिचारिकेला ‘नाही’ म्हणता आले पाहिजे, आणि तिचे ‘नाही’ आज्ञाभंग मानले जाणार नाही असे परिषदेने शब्दांत लिहून द्यावे. रात्री दोन वाजता फोनवर आवाज चढतो तेव्हा वॉर्डात एकट्या असलेल्या तेवीस वर्षांच्या मुलीला आपल्या त्या एका वाक्याचा आधार लागेल.

आदेश लेखी असावा. फोनवर आला तर तो तिने वेळेसह लिहून, वाचून दाखवून, दुसऱ्या कर्मचाऱ्याची सही घ्यावी आणि डॉक्टरांनी ठरलेल्या तासांत त्यावर सही करावी. यात नवे काही नाही. इतर औषधांबाबत अनेक चांगल्या रुग्णालयांत हे होतेच.

सगळ्यांत अधिक भर मी तपासणीवर देईन. हवा सोडून आवाज ऐकण्यावर विसंबून फीड देऊ नये, हे आपण एका परिपत्रकाने आजच सांगू शकता. त्यासाठी परिचारिकांच्या कामाच्या कक्षेचा मोठा दस्तऐवज तयार होईपर्यंत थांबण्याची गरज नाही. सामूची पट्टी ही मोठ्या खर्चाची वस्तू नाही, पण सोलापुरातल्या अनेक वॉर्डांत ती मागवलीच जात नाही, कारण मागणीपत्रकात तिचा रकानाच नसतो. पट्टीच्या मर्यादाही लिहाव्यात. आमच्याकडे जवळपास प्रत्येक दाखल रुग्णाला पँटोप्रॅझोल हे आम्ल कमी करणारे औषध सुरू असते, त्यामुळे जठरातल्या द्रवाचा सामूही वर जाऊ शकतो आणि नळी बरोबर असूनही पट्टी ‘नाही’ म्हणते. द्रव मिळत नसेल तर रुग्णाला डाव्या कुशीवर वळवणे, दहा-वीस मिलिलिटर हवेने नळीचे टोक मोकळे करणे, पंधरा ते तीस मिनिटे थांबून पुन्हा ओढणे, हे उपाय परिचारिकेला येतात आणि ते तिच्या कक्षेत असावेत. तरीही खात्री होत नसेल तर एक्स-रे, आणि तो पाहीपर्यंत नळीतून पाण्याचा थेंबही नाही.

एक्स-रे कोण वाचणार हा अवघड मुद्दा आहे आणि तो टाळू नये. ब्रिटनमधल्या 2011 च्या सूचनेतही म्हटले होते की हानी झालेल्या प्रकरणांत एक्स-रे चुकीचा वाचला जाणे हे मोठे कारण होते, म्हणजे डॉक्टरांच्या हातूनही हे होते. नळी छातीच्या मधोमध सरळ खाली येते का, श्वासनलिका जिथे दुभागते तो कोन नळी कोणत्याही एका बाजूला न वळता ओलांडते का, मध्यपडदा मधोमध पार करते का, आणि तिचे टोक डाव्या बाजूला मध्यपडद्याच्या खाली दिसते का, हे चार प्रश्न आहेत. अंतिम निर्णय आणि सही प्रशिक्षित डॉक्टरांची असावी, याबद्दल माझे दुमत नाही. पण हे चार प्रश्न प्रत्येक परिचारिकेला शिकवले जावेत, म्हणजे चुकीची फिल्म तिच्याही डोळ्यांखालून गेली तर ती बोलू शकेल. त्या आजोबांची फिल्म मी प्रकाशपेटीवर पाहिली तेव्हा मला कोणी काही समजावले नव्हते, तरी नळी उजवीकडे वळलेली मला दिसली. ती वेळेआधी काढली असती तर पाणी सोडण्यापूर्वीच दिसली असती.

नोंदीबद्दल थोडक्यात. नळीचा नंबर, कोणती नाकपुडी, नाकपुडीपाशी किती सेंटिमीटर, सामू किती, एक्स-रे कोणी पाहिला आणि केव्हा, एवढ्या पाच गोष्टींचा एक शिक्का केसपेपरवर मारता आला तर पुढच्या पाळीच्या सिस्टरला नळी सरकली आहे का हे फीडच्या आधी एका नजरेत कळेल. हँडओव्हरमध्ये ‘आरटी आहे’ एवढेच सांगितले जाते, आणि ती रात्रीत आठ सेंटिमीटर बाहेर आलेली असते. सकाळचे फीड मग अन्ननलिकेत पडते.

पोटाच्या भिंतीतून जठरात बसवलेल्या नळीचा, म्हणजे पेगचा, विचार वेगळा व्हावा. ती 1979 मध्ये दुर्बिणीच्या साह्याने प्रथम बसवली गेली. ती बसवणे हे डॉक्टरांचेच काम आहे आणि राहावे. पण जुनी, पक्की झालेली वाट असलेली नळी निघाली तर ती वाट काही तासांत आकसू लागते, म्हणून तिथे प्रशिक्षित परिचारिकेला काय करता येईल हे लिहायला हवे. पहिले काही आठवडे वाट कच्ची असते, तेव्हा ती नळी परिचारिकेने परत घालू नये, कारण ती पोटाच्या पोकळीत जाऊ शकते. बार्शीहून शस्त्रक्रिया करून परतलेल्या रुग्णांचे नातेवाईक हा प्रश्न घेऊन आमच्या दारात येतात आणि आमच्याकडे त्यांना द्यायला फक्त अंदाज असतो.

घरच्या रुग्णांविषयीही बोलले पाहिजे. गेल्या उन्हाळ्यात सीमेजवळच्या एका गावातून एक सून सासऱ्यांना रिक्षात बसवून घेऊन आली. नळी पहाटे निघाली होती आणि दुपार झाली होती. गावात एक ओळखीची बाई शंभर-दोनशे रुपयांत नळी घालून देते, असे तिने सांगितले, आणि आपण तिला का बोलावले नाही याचे कारण म्हणजे मागच्या वेळी शेजारच्या घरात ‘ती चुकीकडे गेली होती’. त्या बाईचे नाव कोणत्याही नोंदवहीत नसणार. लहान रुग्णालयांतही पांढरा कोट घातलेल्या अनेक मुली नोंदणीकृत नसतात, हे आपल्याला ठाऊक आहे. कक्षा लिहिली गेली तर ती आम्हाला जितकी परवानगी देईल, तितकीच या अप्रशिक्षित हातांना मनाई करेल. आज दोन्हीतला फरक रुग्णाच्या नातेवाईकाला सांगायचा तर आम्ही कशाकडे बोट दाखवायचे? घरी नळी घालायला मी स्वतः विरोध करेन, जोवर सामूची पट्टी आणि जवळ एक्स-रेची सोय नाही. पण तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात, जिथे एक्स-रे आहे आणि अनुभवी सिस्टर आहे, तिथे हे काम झाले तर त्या सुनेला सासऱ्यांसह उन्हात साठ किलोमीटर यावे लागणार नाही.

माझ्याच मैत्रिणींचा एक आक्षेप मी प्रामाणिकपणे मांडते. त्या म्हणतात, हे काम लेखी आपल्या अंगावर घेऊ नकोस, एका पाळीत चाळीस रुग्ण सांभाळताना आणखी एक जबाबदारी कशाला. त्यांचा थकवा खरा आहे आणि मी तो रोज पाहते. पण हे काम आपण आजही करतो. लेखी नसल्याने ते कमी होत नाही, त्याची गणती मात्र होत नाही. आणि ज्याची गणती होत नाही त्यासाठी मनुष्यबळ मागता येत नाही. म्हणून कक्षा लिहिताना एका पाळीत एका परिचारिकेकडे किती रुग्ण असताना ही प्रक्रिया करणे सुरक्षित आहे, हेही परिषदेने लिहावे.

वेळही योग्य आहे. 1947 च्या भारतीय परिचर्या परिषद कायद्याच्या जागी येणारा राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसूतिविद्या आयोग कायदा संसदेने 2023 मध्ये संमत केला. त्यात राष्ट्रीय आयोगाबरोबर राज्य आयोगांचीही तरतूद आहे. राज्यात 1966 च्या महाराष्ट्र परिचारिका अधिनियमाखाली आजवर झालेले काम पुढे नव्या रचनेकडे जाईल, तेव्हा त्या फाइलींत या विषयाचा एक पूर्ण मसुदा असावा, ही माझी इच्छा आहे. नवी संस्था शून्यातून सुरू झाली तर आमच्या आणखी काही वर्षांच्या रात्री याच प्रश्नात जातील.

मसुदा तयार करताना कृपया केवळ प्राचार्य आणि अधिसेविका यांनाच बोलावू नये. रात्रपाळी करणाऱ्या, वॉर्डात प्रत्यक्ष नळी धरणाऱ्या परिचारिका समितीत असाव्यात, आणि त्यांतल्या काही मुंबई-पुण्याबाहेरच्या असाव्यात. मसुदा मराठीत प्रसिद्ध व्हावा आणि सूचनांसाठी किमान दोन महिने मिळावेत. सोलापुरातून मी आणि माझ्यासोबतच्या अकरा परिचारिका आमचे अनुभव, नावे आणि नोंदणी क्रमांकांसह, आपण सांगाल त्या दिवशी आपल्या कार्यालयात येऊन मांडायला तयार आहोत. रजा आम्ही आमच्या खात्यातली घेऊ.

तोपर्यंत, हवेच्या आवाजाविषयीचे ते एक परिपत्रक तरी लवकर निघावे. येत्या सोमवारपासून माझी पुन्हा रात्रपाळी आहे, आणि माझ्या वॉर्डात आज नळी असलेले सहा रुग्ण आहेत.

आपली नम्र,
एक नोंदणीकृत परिचारिका,
सोलापूर